चोवीस चौकोन, एक दुपटं : गोधडीच्या नोंदी

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

बोहारणीला द्यायला म्हणून आईनं कपाटातून काढलेलं गाठोडं आज मी मागं घेतलं. आत तिच्या सहा सुती साड्या, दादांची चार धोतरं आणि आजीचं एक नऊवारी लुगडं. या सगळ्याचं मिळून एक स्टीलचं पातेलं येणार होतं. मी म्हटलं, याची गोधडी करतो. आई लगेच काही बोलली नाही. लुगडं मांडीवर ओढून तिनं त्याचा काठ अंगठ्यानं चोळून पाहिला, मग म्हणाली, "याचं अस्तर होईल. पण काष्ट्याकडचं घेऊ नको, तिथं नुसती जाळी राहिली आसंल."

उजेडासमोर धरलं तर तसंच होतं. नऊवारीत उठण्याबसण्याचा सगळा ताण काष्ट्यावर येतो आणि तिथलं सूत विरत जातं. पदराला घाम लागतो, ऊन लागतं, पण ओढ लागत नाही. पदराकडची चार-पाच वारं अजून भक्कम आहेत.

बहीण डिसेंबरात बाळंतपणाला येणार, तारीख जानेवारीच्या मध्यावरची दिली आहे. ही गोधडी तिची. सासरी जाताना घेऊन जाईल. याआधी दोन गोधड्या केल्या, दोन्ही साध्या चौकोनी तुकड्यांच्या. त्यांचे फोटो इतके सपाट आले की छापील चादरीचे वाटावेत. हातानं घातलेला एकही टाका दिसत नाही त्यांत. म्हणून या वेळी शिवण्याबरोबर फोटोचंही काम पहिल्यापासून वहीत लिहीत जाणार.

९ ऑक्टोबर, बुधवार

दुसरी पाळी, सकाळ मोकळी. सगळं कापड गरम पाण्यातून काढून वाळवलं आणि एकेक पान खिडकीशी धरलं. जिथून समोरची गॅलरी दिसते तिथं खडूनं फुली. मग दोन्ही हातांत धरून उभ्या धाग्यावर एक झटका, आडव्या धाग्यावर एक. टर्र आवाज आला तर तेवढा भाग बाद. दोन साड्यांचा निऱ्यांकडचा भाग गेला, बाकी ठणठणीत.

माझे कंपनीचे जुने आकाशी शर्टही घालावेत असं मनात होतं. बाहीची चिंधी चिमट्यात धरून काडी लावली. सूत कागदासारखं जळतं आणि बोटांत चुरगळणारी राख पडते. ही चिंधी आक्रसली आणि टोकाला कडक काळा मणी झाला. टेरीकॉट. शेजारचं सूत धुतल्यावर आटेल, हे आटणार नाही, आणि शिवणीला कायमची चुणी पडेल. शर्ट परत कपाटात.

१३ ऑक्टोबर, रविवार

काल दसऱ्याला आईच्या पायमशीनला झेंडूची माळ घातली होती. आज ती तशीच ठेवून त्याच टेबलावर आलेखाचा कागद पसरला.

नमुना लॉग केबिन. अमेरिकेतल्या ओंडक्यांच्या घरावरून हे नाव पडलं. मधे एक चौकोन आणि त्याभोवती ओंडके रचावेत तशा पट्ट्या, एकीच्या अंगाला दुसरी लावत फिरत जायचं. लगतच्या दोन बाजू फिक्या, उरलेल्या दोन गडद, त्यामुळे प्रत्येक चौकोन तिरका दुभागतो, अर्धा उजेडात आणि अर्धा सावलीत. मधला तुकडा परंपरेनं लाल, म्हणजे घरातला विस्तव. आमच्या घरात त्याला चूल म्हणायचं ठरलं.

फिकी बाजू दादांच्या धोतरांची, गडद बाजू आईच्या साड्यांची. धोतरांचा पांढराही एक नाही. एक निळीवर गेलेला, एक दुधाळ, एक विहिरीच्या पाण्यानं पिवळट पडलेला. ते तिन्ही वेगळे ठेवणार, मिसळून एक करणार नाही.

माप : चौकोन १२ इंची. चूल २ इंच, पट्ट्या १ इंच, पाच फेरे. चौकोन ४ आडवे, ६ उभे, म्हणजे ४८ × ७२. भोवती ६ इंच मांजरपाटाची किनार, एकूण ६० × ८४. एका चौकोनाला २१ तुकडे, चोवीस चौकोनांना ५०४.

चौकोन कसे मांडायचे याचे बरेच प्रकार आहेत. मी तो घेतला ज्यात उजेड-सावलीच्या तिरक्या रांगा पडतात. तिकडे त्या मांडणीला नांगराच्या सरळ तासांचं नाव आहे. आईचं माहेर, सासर दोन्ही सिन्नरकडचं, शेतीचं. तिला कागद दाखवला तर लगेच म्हणाली, "नांगरलेलं रान दिसतंय." मी तिला नाव सांगितलं नव्हतं.

मग थोडं थांबून : "पण एवढं काय मोजू राहिला? गोधडी मोजून कोणी शिवतं का?"

२० ऑक्टोबर, रविवार

पहिला चौकोन झाला आणि कमी भरला. कच्चं माप, म्हणजे कडेच्या शिवणीचं कापड धरून, साडेबारा इंच, ३१७.५ मिमी यायला हवं होतं, आलं ३०७.

मी नाशिकला सातपूरमध्ये टूलरूममध्ये, म्हणजे जिथं हत्यारं आणि साचे बनतात तिथं, काम करतो. साडेदहा मिलिमीटर हा आकडा डोक्यातून जाईना. शिवण पाव इंचाची, ६.३५ मिमी, मोजूनच घेतली होती. जेवताना उलगडा झाला. शिवणीवर इस्त्री फिरवली तरी कापड धारदार काटकोनात वळत नाही. स्वतःच्या जाडीवरून आणि मधल्या दोऱ्यावरून ते वळसा घेतं. त्या वळशात दोन्ही अंगांचं अर्धा-अर्धा मिलिमीटर कापड जातं. चौकोनाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अकरा तुकडे, म्हणजे दहा शिवणी. एका शिवणीला एक धरला तर दहा. उरलेला अर्धा कात्रीचा.

अशा वेळी एकेक शिवण बरोबर असते आणि जोडकाम चुकतं. फरक साठत जातो. कंपनीत असा फरक दिसला की तो आधीच मापातून वजा करून घेतात. मशीनच्या पट्टीवर पितळेची एक छोटी पट्टी दोन्ही अंगी चिकटणाऱ्या टेपनं बसवली आणि सुईपासून तिची कड व्हर्नियरनं, म्हणजे बारीक मापाच्या पट्टीनं, ५.८ मिमीवर आणली. दुसरा चौकोन रात्री अकराला संपला. ३१७.

अजून दोन गोष्टी लिहून ठेवतो. इस्त्री दाबायची आणि उचलायची, घासत न्यायची नाही. जुनं सूत उरेब, म्हणजे तिरक्या, दिशेला लगेच ताणतं आणि पट्टीचा धनुष्यासारखा बाक होतो. आणि पट्ट्या फाडायच्या की कापायच्या? आई साडी नेहमी फाडते, त्यानं धागा बरोबर सरळ मिळतो. पण दीड इंची पट्टीला दोन्ही कडांचे सुटे धागे निघाले की रुंदी कमी पडते. म्हणून मोठे पट्टे फाडून घेतो, त्यातून बारीक पट्ट्या गुण्या लावून कापतो.

२७ ऑक्टोबर, रविवार

पाच झाले. एकाला पावणेदोन तास. दिवाळीपर्यंत आता मशीन झाकून ठेवायचं, आईला फराळाला टेबल हवंय.

३ नोव्हेंबर, रविवार

भाऊबीज. संगमनेरला बहिणीकडे जाऊन आलो. गोधडीचं सांगितलं नाही. तिनं पाय वर घ्यायला जी उशी ठेवली होती तिच्या खोळीचा रंग पाहून ठेवला. तिला अजून तो गडद जांभळाच आवडतो. आईच्या साड्यांत एक जांभळी आहे, ती प्रत्येक चौकोनाच्या शेवटच्या फेऱ्यात येईल.

६ नोव्हेंबर, बुधवार

नऊ चौकोन झाले आणि आज चुलीचा लाल फुटला.

एवढं एकच कापड मी नवं घेतलं होतं, मेन रोडवरून अर्धा मीटर. "पक्का रंग आहे" हे ऐकलं, आणि सगळं कापड धुतलं तेव्हा हे धुतलं नाही. आज वाफेची इस्त्री लावली तर शेजारच्या धोतराच्या पट्टीवर गुलाबी कड उमटली. ओल्या पांढऱ्या फडक्यानं लाल तुकडा घासला, फडकं कुंकवात बुडवल्यासारखं झालं. ही परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे आणि ती कापड घरात आलं त्याच दिवशी करायची असते.

नऊ चौकोन भरपूर पाण्यात बुडवून रंग जाईस्तोवर धुता आले असते. पण सगळ्यात आधी ज्या अंगाखाली ही गोधडी जाईल ते बाळंतिणीचं. तिथं घाम येणार, दूध सांडणार, ती वरचेवर धुतली जाणार. दर धुण्याला थोडा थोडा रंग सुटत राहील हा विचार सहन झाला नाही. चूल सगळ्यांत आधी शिवली जाते, ती काढायची म्हणजे वीसही शिवणी उसवायच्या.

उसवतोय.

१० नोव्हेंबर, रविवार

आईनं तिची एक लाल साडी आणून दिली. गाठोड्यातली नव्हे, कपाटातली. तीसेक वर्षं जुनी, काठ उसवलेला, पण तिनं ठेवून दिली होती. "हिच्यात आता जायला रंगच न्हाई उरला," म्हणाली. घासून पाहिलं. फडकं पांढरंच राहिलं. आधीचा लाल भडक होता, हा विटेसारखा आहे आणि चुलीला हाच जास्त शोभतो.

१७ नोव्हेंबर, रविवार

उसवलेले नऊ पुन्हा उभे केले. एकूण एकोणीस. रात्री एकपर्यंत बसतोय.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानाची सुट्टी. सकाळी आठला मत देऊन आलो आणि दिवसभर मशीनवर. चोवीसावा चौकोन चार वाजता झाला. सगळे फरशीवर मांडून खुर्चीवर उभा राहिलो. दोन चौकोन उलटे फिरले होते, ते जमिनीवरून दिसले नव्हते, मोबाइलच्या छोट्या पडद्यावर लगेच दिसले. मांडणी तपासायची असेल तर फोटो काढून तो रंगविरहित करावा. फिकं-गडद एवढंच उरतं आणि चुकलेलं तास उठून दिसतं.

२४ नोव्हेंबर, रविवार

वरचं पान जोडून झालं, किनारीसकट. माप ६० × ८४, कुठंही तीन मिमीच्या वर फरक नाही.

आता थर. खाली आजीच्या लुगड्याचं अस्तर, दोन पट्टे जोडून. मधे दोन धोतरांचे दोन थर. वर माझे चोवीस चौकोन. गादी उभी करून खोलीभर अंथरलं, आणि पहिला टाका कुठून घालायचा यावर आईचं आणि माझं अडलं.

मी वाचलं होतं ते असं : मधून सुरुवात करून बाहेर जावं. आई म्हणाली, "गोधडी कडंनं धरायची. कोपऱ्यातून निघायचं, कडंकडंनं फिरत मधी यायचं. माझ्या आईनं तशीच घातली, तिच्या सासूनं तशीच." खरंय, आमच्याकडच्या कोणत्याही जुन्या गोधडीवर धावदोऱ्याचे फेरे आत आत जाणाऱ्या आयतांसारखे दिसतात. कर्नाटकात उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायका कवंदी घालतात, तीही कोपऱ्यातून निघून फिरत मध्यावर संपते. इतक्या हातांनी इतकी वर्षं जे केलं ते चुकीचं कसं असेल, असं म्हणून मी आईचं ऐकलं.

हिशेब करून ठेवला. फेऱ्यांमधलं अंतर बोटभर, पाऊण इंच. एकूण धावदोरा ६,७२० इंच, म्हणजे साधारण १७० मीटर. इंचाला चार टाके धरले तर सत्तावीस हजारांच्या आसपास. आई एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं.

१ डिसेंबर, रविवार

चार फेरे. दोरा मेणाच्या वडीतून ओढून घेतला की पीळ पडत नाही. मधल्या बोटाला अंगुस्तान. खालचा हात डावा, सुईचं टोक खालून बाहेर आलं की ते तर्जनीला कळतं आणि तेव्हाच सुई वर फिरवायची. नखावर मतदानाची शाई अजून तशीच, तिच्या शेजारी सुईच्या बारीक टोचण्या.

८ डिसेंबर, रविवार

नऊ फेरे झाले आणि मधे झोळ आला. तळहात ठेवून कडेकडून मध्याकडे कापड सारलं तर मधे दोन बोटं उंच फुगा उभा राहतो. दाबला की दुसरीकडे जातो. चारी बाजूंनी कडा शिवून बंद केल्यात, आता त्याला बाहेर पडायला वाट नाही.

आई बराच वेळ हात फिरवत बसली. "आसं माझं कधी झालं न्हाई," एवढंच म्हणाली. तिच्या आवाजात मला दोष नव्हता. तिला खरंच कोडं पडलं होतं.

११ डिसेंबर, बुधवार

उसवलं. नऊच्या नऊ फेरे.

मी उसवत होतो तेव्हा आईनं शेजारी बसून उरलेल्या चिंध्यांचं एक दुपटं धरलं, बाळासाठी. हात रिकामा राहत नाही म्हणून. आणि ते पाहताना मला कोडं सुटलं. म्हणून तिचे हात काय करत होते ते सगळं लिहून ठेवतो.

खाली लुगड्याचा उरलेला तुकडा, वर धोतराचे दोन थर. वरचं पान असं काही नाहीच. तिनं कोपऱ्यात जांभळ्या साडीची एक चिंधी ठेवली, तिची कड सुईच्या टोकानंच आत सारली, अंगठ्यानं दाबली आणि धावदोरा सुरू केला. कड दुमडायला इस्त्री नाही, खडू नाही. चिंधी संपत आली की टाका न तोडता दुसरी चिंधी पहिलीच्या पोटात सरकवायची. एक फेरा झाला की डाव्या हाताचा पंजा पसरून खालचे थर मध्याकडे सारायचे, मग पुढचा फेरा. तिनं प्रत्येक फेऱ्याला हे केलं. ढील पडत होता, पण तो दर वेळी पुढं, न शिवलेल्या भागात जात होता, आणि त्या भागावर अजून चिंधीच नव्हती. शेवटी मधे वीतभर जागा उरेल आणि तिथं बसेल एवढीच चिंधी ती कापेल.

माझ्या चोवीस चौकोनांचं माप मात्र आधीच ठरलेलं. त्यात ढील जिरायला जागा नाही. कडेनं फिरत आलो तर तो सगळा मधे साठणारच. मधून बाहेर गेलो तर तो कडेनं बाहेर पडेल आणि किनारीत कापून टाकता येईल.

कंपनीत दोन्ही तऱ्हा आहेत. एक, सगळे भाग मापात करून जोडायचे. दुसरी, जोडत जायचं आणि शेवटी उरलेल्या फटीचं माप घेऊन तिच्याएवढी पॅकिंगची पट्टी घासून बसवायची. मुरलेला फिटर दुसरी तऱ्हा वापरतो, कारण त्याचं जोडकाम कधीच घट्ट किंवा सैल होत नाही. आईची गोधडी त्या तऱ्हेची आहे. ती मोजत नाही हा माझा समज चुकीचा होता. ती सगळ्यात शेवटी मोजते.

हे तिला सांगितलं. तिनं सुई थांबवली नाही. "मग तुझी मधून धर," म्हणाली.

१५ डिसेंबर, रविवार

बहीण आली. गोधडी लपवायचा प्रश्न संपला, खोलीभर तीच आहे.

थर पुन्हा अंथरले. या वेळी मुठीएवढ्या अंतरानं उभे-आडवे कच्चे टाके घालून पूर्ण टाचून घेतलं, त्यालाच साडेतीन तास. मग मधल्या चार चौकोनांपासून सुरुवात. प्रत्येक चौकोनात चुलीभोवती फिरत बाहेर.

थंडी उतरली आहे. निफाडला आपल्यापेक्षाही जास्त असणार, तिथं द्राक्षबागांत शेकोट्या पेटल्या असतील.

२० डिसेंबर, शुक्रवार

पंचवटीकडे जाताना गाडगे महाराज पुलावरून गेलो. आज गाडगेबाबांची पुण्यतिथी, १९५६ मध्ये याच दिवशी ते गेले. गोदाकाठची त्यांची धर्मशाळा अजून लोकांना टेकायला जागा देते. अंगावर ठिगळं जोडलेली गोधडी म्हणून लोक त्यांना गोधडेबुवा म्हणायचे. घरी येऊन आईला सांगितलं, तर तिला ते माहीत होतंच.

दुपटं झालं. तीन फूट बाय तीन फूट, नऊ दिवसांत. मधली शेवटची चिंधी लाल साडीची.

५ जानेवारी २०२५, रविवार

अठरा चौकोन झाले. बहीणही पाय पसरून एका कडेला बसते आणि जांभळ्या फेऱ्यातले टाके तीच घालते.

आज हात दुखत होता म्हणून फोटोची चाचणी केली. खोलीत जमत नाही, आणि का जमत नाही ते हिशेबानं कळतं. माझ्या कॅमेऱ्याचं सेन्सर साधारण २२ × १५ मिमी, भिंग ५० मिमी. ८४ इंची गोधडी मावायला पाच मीटरच्या वर मागं जावं लागतं, कडेला जागा सोडायची तर साडेपाच. आमची खोली तीन मीटर. मोबाइलच्या रुंद भिंगानं मावते, पण कडा बाहेर फुगतात, आणि मी चौकोन ५.८ मिमीच्या शिवणीवर इतके काटेकोर केले ते फोटोत वाकडे दिसावेत हे मला चालणार नाही. गच्चीवरच जायला हवं.

अलाबामातल्या जीज बेंड या वस्तीतल्या बायकांच्या गोधड्या मी कित्येकदा पडद्यावर पाहिल्या आहेत. शेतात वापरून फाटलेल्या कपड्यांच्या. २००२ मध्ये त्या ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात भिंतीवर लागल्या आणि २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर आल्या. समोरून घेतलेले ते फोटो रंग आणि आकार अचूक दाखवतात. पण त्यांतलं एखादं पान हाताला कसं लागेल हे कळावं अशी माझी फार इच्छा होते. आमच्या गोधडीचा फोटो काढताना मला ते जमवायचं आहे.

१२ जानेवारी, रविवार

शेवटचा टाका रात्री दहा वाजता. किनार मांजरपाटाची, ते आधी दोनदा धुऊन आटवलेलं. ढील खरोखरच कडेला आला होता, एका बाजूला बारा मिमी. कापून टाकला.

१७ जानेवारी, शुक्रवार

मुलगी झाली. दोघी सुखरूप. दुपटं दवाखान्यात गेलं.

१९ जानेवारी, रविवार

गच्चीवर, जिन्याच्या खोलीची दक्षिणेकडची भिंत. गोधडीच्या मागं वरच्या कडेला तीन इंची नळी कच्च्या टाक्यांनी जोडली आणि तिच्यातून पाइप घातला, म्हणजे वजन सगळ्या रुंदीवर सारखं येतं आणि वरची कड लोंबत नाही. तिपाई साडेपाच मीटरवर. कॅमेरा गोधडीच्या बरोबर मध्यासमोर आहे का हे पाहायला भिंगापासून चारी कोपऱ्यांपर्यंत एकच दोरी लावली. चारही वेळा गाठ एकाच जागी आली तेव्हा पहिलं बटण दाबलं.

दोन फोटो वेगवेगळ्या कामांसाठी लागतात हे आज पक्कं झालं.

पहिला रंगाचा. ऊन येण्याआधी, सावलीत. एफ ८, आयएसओ १००. सावलीचा उजेड निळसर असतो, त्यात धोतराचे तिन्ही पांढरे निळीचेच दिसतात. करड्या कार्डावर कॅमेऱ्याचा पांढरा तोल (व्हाइट बॅलन्स) बसवला तेव्हा दुधाळ आणि पिवळट परत आले. लाल चूल मात्र सपाट ठिपका होत होती, वीणच दिसेना. लाल रंग कॅमेऱ्यात बाकीच्यांआधी भरून जातो. उजेड दोन-तृतीयांश स्टॉपनं (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) कमी केला आणि आईच्या साडीचे धागे मोजता यायला लागले.

दुसरा टाक्यांचा. त्यासाठी ऊन हवं आणि ते तिरपं हवं. हिवाळ्यात सूर्य पूर्वेच्या बराच दक्षिणेला उगवतो, म्हणून सकाळी या भिंतीला तो समोरून न भिडता कडेनं घासत जातो. उन्हाळ्यात हीच भिंत सकाळी सावलीत असते. साडेसातला उजवीकडून पहिली तिरीप आली आणि दोन टाक्यांमधला प्रत्येक उंचवटा उजळला, प्रत्येक टाक्याच्या खळगीत सावली बसली. पाऊण तासापूर्वी जे पान सपाट होतं त्याला एकदम अंग आलं. नऊपर्यंत ऊन वर चढलं आणि सगळं पुन्हा बुजलं. कामाचा वेळ तासाभराचाच.

२ फेब्रुवारी, रविवार

द्यायच्या आधी एकदा धुतली. टबमध्ये, गार पाण्यात, पायानं हलकी तुडवून. पाणी स्वच्छ. ओल्या गोधडीला उचलायला दोघं लागलो. सावलीत पसरून वाळवली. माप आता ५९ × ८२.५. दोरा आणि थर आटून टाके आत गेले आणि मधलं कापड फुगलं, सगळ्या पानावर बारीक सुरकुत्या. आई म्हणाली, "आत्ता झाली गोधडी."

९ फेब्रुवारी, रविवार

धुतल्यानंतरचा फोटो, त्याच भिंतीवर, त्याच दोरीच्या मापानं, सकाळी पावणेआठला. शेजारी दुपटंही टांगलं. त्याचा एक कोपरा दुधानं पिवळा पडलाय, तो मुद्दाम दिसू दिला. फोटोत माझे चौकोन सरळ तासांत चाललेत आणि आईच्या चिंध्या कोपऱ्यातून निघून वळत वळत लाल तुकड्यापाशी पोचतात.

खाली येऊन आईला मोबाइलवर दाखवला. तिनं चष्मा लावला, मोबाइल उजेडाकडे वळवला आणि गोधडीच्या डाव्या कोपऱ्यावर अंगठा ठेवून चोळला. चित्र मोठं झालं. ती बघत राहिली. मग म्हणाली, "किनारीपाशी हा एक टाका लांब पडलाय बघ. बाळाचं बोट आडकंल त्यात. ती सासरी न्यायच्या आत धरून टाक."

गोधडी आणून पाहिली. होता तिथं, सव्वासात मिमी. दुपारी धरला.